नाव : अद्याप ठरलेले नाही

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्या पुस्तकाचं नाव मी बदलणार नाही. तळमजल्यावरचे प्राध्यापक माझ्याशी बोलायचे बंद झालेत, चालेल. प्रकाशक फोन उचलत नाही, त्याहून चालेल. परवा आमच्या सोसायटीच्या चेअरमननी मला जिन्यात गाठून "अजूनही विचार करा" असं सांगितलं. मी त्यांना जिन्यातच सांगितलं की विचार करून करूनच माझ्यावर ही वेळ आली, आता विचार बंद.

पुस्तक लिहायला मला अकरा महिने लागले आणि त्याला नाव ठेवायला चौदा. त्या चौदा महिन्यांत नाव ठेवणारा मी एकटा आणि नावं ठेवणारी अख्खी इमारत, असा सामना चालू होता.

खरं म्हणजे हे काम माझ्या डाव्या हातचा मळ असायला हवं होतं. बत्तीस वर्षं मी एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात काढली. अभिलेख कक्ष म्हणजे जुन्या फायली ठेवायची खोली. खिडकी एक, तीही कपाटामागे. तिथे येणाऱ्या प्रत्येक फाईलच्या पाठीवर तिचा विषय लिहायचा, एवढंच माझं काम. आत तीनशे पानं असोत, दोन भावांची भांडणं, एक पडकी भिंत आणि सात वेळा झालेली मोजणी असो, मी ते सगळं एका ओळीत बसवायचो. "सामाईक भिंतीच्या मालकीबाबत." झालं. दोघे भाऊ वारले तरी माझी ओळ कायम. कचेरीत मला विषयसाहेब म्हणायचे. साहेब मी नव्हतो, पण विषय माझाच असायचा.

तर असा हा विषयसाहेब निवृत्त झाला आणि त्यानं आपल्या थोरल्या बहिणीच्या दुकानावर पुस्तक लिहिलं.

ताई माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. एका जुन्या इमारतीत जिन्याखाली तिचं बटणांचं दुकान होतं, नऊ फूट बाय पाच फूट. उभं राहिलं की डोकं जिन्याच्या पायरीला लागायचं, म्हणून ती सत्तेचाळीस वर्षं बसूनच राहिली. आई-वडील लवकर गेले. माझी शाळा, माझं कॉलेज, माझी नोकरी, माझं लग्न, हे सगळं त्या काउंटरमागून झालं. अभ्यास मी काउंटरखाली बसून करायचो आणि वरून रिळं पडली की ती झेलायचो. गेल्या वर्षी त्या इमारतीला लिफ्ट बसवायची ठरली आणि लिफ्टचा खड्डा बरोबर ताईच्या दुकानावर आला. इंजिनिअरला दुसरी जागा सापडली नाही. आता तिथे मोजून एक बटण आहे, वर जायचं.

दुकानाला कधी पाटी नव्हती. मी लहानपणी विचारलं होतं, तर ताई म्हणाली, "बटणं दिसतायत की समोर. पाटी कशाला?" त्यामुळे दुकान गेलं तेव्हा उतरवायलासुद्धा काही नव्हतं. मालाची चारशे बारा खोकी दोरीनं बांधून ताईच्या खोलीत भिंतीशी लावली. तेव्हापासून तिनं त्यातलं एकही उघडलं नव्हतं. धूळ मात्र रोज पुसायची.

या खोक्यांचं एक प्रकरण आहे आणि ते मला आत्ताच कबूल करून टाकलेलं बरं. ताईच्या खोक्यांवर नाव लिहिलेलं नसायचं. खोक्यात जे बटण आहे त्यातलंच एक ती खोक्याच्या तोंडावर बाहेरून शिवायची. लाल मोत्याचं बाहेर, तर आत लाल मोती. एवढी साधी पद्धत. मला नवी नोकरी लागली होती, अंगात नोंदींचा ज्वर भरला होता. एका रविवारी ताई परगावी लग्नाला गेली असताना मी दुकान उघडून सगळ्या खोक्यांवर सुवाच्य अक्षरात लेबलं लावली. "मध्यम आकाराची तपकिरी चार छिद्रांची बटणे (पुरुषांच्या कोटाकरिता)." "संकीर्ण हूक." आणि बाहेर शिवलेली बटणं दुबार नोंद होतेय म्हणून कापून टाकली. सोमवारी सकाळी दुकानासमोर अकरा गिऱ्हाइकं उभी आणि ताई खोकी उघडतेय, झाकतेय, उघडतेय, झाकतेय. माझ्याशी ती नऊ दिवस बोलली नाही. दहाव्या दिवशी म्हणाली, "अक्षर छान आहे तुझं." आणि चारशे बारा बटणं तिनं पुन्हा शिवली.

असो. पुस्तक पुरं झालं तेव्हा तिनं एकच अट घातली. "आत काय लिहायचं ते लिही. तुला माझ्यापेक्षा जास्त आठवतं. पण नाव नीट ठेव. माझ्या दुकानाला पाटी लागणार ती हीच. भलतंसलतं काही लावलंस तर ते पुस्तक मी उंबऱ्याच्या आत घेणार नाही."

ही धमकी नव्हती, सूचना होती. आमच्या मावशीचे यजमान एकदा ताईला "बाईमाणसानं कसलं दुकान चालवायचं" म्हणाले होते. त्यानंतर त्या गृहस्थांना तिनं अकरा वर्षं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. बिचारे दारातच चहा पिऊन जायचे.

पहिलं नाव मी अर्ध्या तासात काढलं. "बटणे, हूक, चेन व इतर शिवणसाहित्य यांच्या किरकोळ विक्रीच्या दुकानासंबंधी." बायकोला वाचून दाखवलं. ती कपडे वाळत घालत होती. हातातली उशीची खोळ तशीच धरून म्हणाली, "अहो, हे पुस्तक आहे की अर्ज?"

मी ते आटोपशीर केलं. "जिन्याखालील दुकानाबाबत."

"आता अर्जाचं उत्तर झालं," ती म्हणाली.

इथे मी जन्मातली मोठी चूक केली. कचरा टाकायला खाली गेलो असताना प्राध्यापकांनी "काय नवीन?" विचारलं आणि मी खरं सांगितलं.

प्राध्यापक भाषेचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण वर्ग सुटलेला नाही. त्यांनी मला तिथेच, कचऱ्याची बादली हातात असताना, शीर्षक म्हणजे काय यावर पाऊण तास सांगितलं. शीर्षकानं सांगायचं नसतं, सुचवायचं असतं. शीर्षक समजलं की वाचक मेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दारातून एक चिठ्ठी आत सरकवली. त्यावर तीन नावं होती. "सच्छिद्र क्षण." "निःशब्द टाके." आणि दोनदा अधोरेखित केलेलं "चतुश्छिद्रा."

ताईला मी फोनवर हे तिसरं वाचून दाखवलं. तिनं ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "ही कुठली बाई? माझ्या दुकानात कधी आली होती?"

चौथ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. त्यांच्या मते नाव एका शब्दाचं आणि तोंड उघडायला लावणारं हवं. माझं दाढेचं काम चालू होतं, तोंडात कापूस होता, त्यामुळे त्यांचं सगळं म्हणणं मला मान्य आहे असं त्यांनी धरलं. "आ!" असं नाव त्यांनी सुचवलं. उद्गारचिन्हासकट. आमच्या मुलीनं परगावाहून कळवलं की बाबा, नावात आकडा असला की लोक पटकन उघडून बघतात, तेव्हा "बटणांनी शिकवलेले सात धडे" असं ठेवा. मी विचारलं, सातच का? ती म्हणाली, आठ वाचायला लोकांना वेळ नसतो.

चेअरमननी तर हद्द केली. त्यांनी हा विषय सोसायटीच्या मासिक सभेत घेतला. विषय क्रमांक चार, पाण्याच्या टाकीची गळती. विषय क्रमांक पाच, माझं पुस्तक. गळतीवर तीन मिनिटं चर्चा झाली आणि नावावर एक तास चाळीस मिनिटं. शेवटी हात वर करून मतदान झालं. बहुमतानं ठरलेलं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण ते सुचवणाऱ्या बाई चांगल्या आहेत आणि आमच्याकडे किल्ली ठेवून जातात. टाकी अजून गळतेय.

एवढं होईतो एक प्रकाशक मिळाला होता. त्याचं म्हणणं स्वच्छ होतं. एका ग्रंथमंडळाची नव्या लेखकांसाठी योजना आहे. मंडळानं पुस्तक निवडलं की ते वाचनालयांत जातं, मग आम्ही छापतो. नाही निवडलं तर तुमचं तुम्ही बघा. मी म्हटलं, अर्ज करायचा ना? मग काय! माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवल्यासारखं बोलू नका.

ग्रंथमंडळाच्या कचेरीत खिडकी क्रमांक तीनवर एक बाई होत्या. पन्नाशीच्या, करड्या स्वेटरमधल्या. लहानपणापासून माझी नजर माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या बटणांवर जाते, त्याला माझा इलाज नाही. स्वेटरचं वरून तिसरं बटण नव्हतं. तिथे सेफ्टी पिन होती. बाईंनी माझा अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि रकाना क्रमांक चारवर बोट ठेवलं. पुस्तकाचे नाव. मी तो मोकळा सोडला होता.

"रकाना मोकळा चालणार नाही."

"नाव ठरायचंय अजून."

"आज शेवटची तारीख आहे."

मला राग नाही आला. उलट बरं वाटलं. आमच्या कक्षातसुद्धा मोकळा रकाना म्हणजे गुन्हा होता. काहीच लिहायला नसेल तर जे खरं आहे ते लिहावं, ही आमची शिकवण. मी पेन काढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : "अद्याप ठरलेले नाही." बाईंनी शिक्का मारला. दोन जाणकार माणसांनी एक काम नीट केलं, अशा समाधानानं मी घरी आलो.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. "आपल्या ‘अद्याप ठरलेले नाही’ या पुस्तकाची योजनेअंतर्गत निवड झाल्याचे कळविण्यास आनंद होत आहे."

मी ते चार वेळा वाचलं. मग बायकोनं वाचलं. ती आधी हसली, मग माझा चेहरा बघून थांबली, मग स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा हसली. मला भिंतीतून ऐकू येत होतं.

मी प्रकाशकाला फोन केला, की घोटाळा झालाय. तो ऐकेचना. "साहेब, कुठून सुचलं हो हे? आजच्या माणसाचं अख्खं आयुष्य आलंय यात!" प्राध्यापक जिना चढून वर आले. गुडघे दुखतात म्हणून नऊ वर्षांत ते कधी दुसऱ्या मजल्यावर आले नव्हते. त्यांनी माझा हात हातात घेतला. "मी तुम्हाला कारकून समजत होतो," ते म्हणाले, आणि चौदा पानांची प्रस्तावना स्वतःहून लिहायला घेतली. तिच्यात बटण हा शब्द एकदाही नव्हता. चेअरमननी फळ्यावर लिहिलं : "आपल्या इमारतीतील रहिवाशांचे ‘अद्याप ठरलेले नाही’ हे पुस्तक लवकरच. प्रकाशनाची तारीख : अद्याप ठरलेली नाही."

आता खोटं कशाला बोलू? आठवडाभर मलाही ते आवडायला लागलं. जन्मात मला कुणी "कुठून सुचलं हो" असं विचारलं नव्हतं. मी जिन्यातून उतरताना जरा सावकाश उतरायला लागलो. कुणी विचारलंच तर मी लांब कुठेतरी बघून "हं, सुचलं" म्हणायचो. बायको म्हणाली, "ताईंना सांगितलंत का?" मी म्हटलं, मुखपृष्ठ आलं की एकदमच दाखवू.

मुखपृष्ठ आलं. धुकं, आणि धुक्यात एक रिकामी खुर्ची. ते घेऊन मी ताईकडे गेलो. तिनं दार उघडलं, चष्मा लावला, उंबऱ्यावर उभी राहून वाचलं. मला आत ये म्हणाली नाही.

"खुर्ची कुणाची?" तिनं विचारलं.

"ती... प्रतीकात्मक आहे."

"माझ्याकडे स्टूल होतं." मग तिनं पुन्हा वाचलं. "अद्याप ठरलेले नाही. बरं. दुकानासमोर उभं राहून हे गिऱ्हाईक म्हणायचं. पांढरं घेऊ की मोतिया, अजून ठरलं नाही. मी कधी म्हणाले? बाबा गेले त्या महिन्यात मी दुकान उघडलं. तुला शिकवायचं, हे ठरलं होतं. लग्न नाही करायचं, हेही मीच ठरवलं होतं, लोक काही म्हणोत. माझं सगळं ठरलेलं होतं रे. आणि तू माझ्या दुकानावर ही पाटी लावतोस?"

चांगला बासष्ट वर्षांचा माणूस मी, आणि त्या दारात उभं राहून मला तो रविवार आठवला, चारशे बारा लेबलांचा.

"मग काय ठेवू, तूच सांग," मी म्हटलं.

"मी कशाला सांगू? लिहिलंस तू." तिनं मुखपृष्ठ माझ्या हातात परत दिलं. "खोक्यावर मी काय लावायचे, एवढं आठवतं ना?" आणि दार लावून घेतलं.

घरी येऊन मी हस्तलिखित काढलं आणि पहिल्या पानापासून वाचत सुटलो. आतलं एक काढून बाहेर शिवायचं. पण कुठलं? दोनशे दहा पानांत किती वाक्यं असतात! शेवटी मी माझ्या पद्धतीनं गेलो. पेन्सिल घेतली आणि जे वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं त्यावर खूण करत गेलो. त्र्याहत्तर खुणा झाल्या. सगळ्या एकाच वाक्यावर.

झालं असं, की बटणाचं वर्णन जगात कुणालाच करता येत नाही. मोठमोठे वकील ताईच्या काउंटरशी येऊन दोन बोटांत माप धरून "एवढं, काळपट, पण तसं काळं नाही" असं म्हणत घुटमळायचे. ताई खालची मान वर न करता विचारायची, "जुनं बटण आणलंय का?" जुनं म्हणजे तुटकं, अर्धं, किंवा त्याच कपड्याचं दुसरं. असेल तर दोन मिनिटांत त्याचं जुळं तुमच्या हातात. नसेल तर घरी जा, पलंगाखाली शोधा, घेऊन या. एक गृहस्थ रागारागानं अंगातला शर्टच काढून काउंटरवर ठेवून उघडे उभे राहिले होते. एक आजी नवऱ्याच्या कोटाचं बटण तीस वर्षं डबीत सांभाळून होत्या. ते मिळाल्यावर म्हणाल्या, आता कोट घालणारं कुणी नाही, पण पुरा झाला. माझी मॅट्रिकची फी भरायच्या दिवशीसुद्धा ताईनं समोरच्याला तोच प्रश्न विचारल्याचं मला आठवतं. पुस्तकभर तोच होता. मलाच दिसला नव्हता.

"जुनं बटण आणलंय का?" मी मोठ्यानं म्हटलं.

बायको आतून म्हणाली, "अहो, हेच तर. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना भेटायला गेले, तर त्यांनी मला 'ये, बस'च्या आधी हे विचारलं होतं."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी खिडकी क्रमांक तीनवर हजर. तोच स्वेटर, तीच पिन.

"नाव बदलायचंय," मी म्हटलं.

बाईंनी नवं नाव वाचलं. "हा प्रश्न आहे."

"हो."

"नावाच्या रकान्यात प्रश्न बसत नाही. नाव म्हणजे नाव असतं, विचारणा नसते. आणि बदल करायचा तर पहिलं नाव चुकून लिहिलं गेलं, असं लिहून द्यावं लागेल."

"चुकून कुठे? तेव्हा खरंच ठरलं नव्हतं."

"म्हणजे चूक नाही. मग बदल कशाचा?"

मी त्या बाईंकडे बघतच राहिलो. हे वाक्य माझं होतं! बत्तीस वर्षांत हे वाक्य मी किती जणांच्या तोंडावर मारलं होतं, याचा हिशेब माझा मलाच लागणार नाही. रकान्यात जे आहे ते आहे. आज पहिल्यांदा ते खिडकीच्या बाहेर उभं राहून मीच ऐकत होतो, आणि बाहेरून ते भलतंच मूर्ख वाटत होतं.

वरच्या साहेबांकडे गेलो. ते सज्जन होते, त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "नाव बदललं तर निवड रद्द होईल हो. समितीला नाव फारच आवडलं."

"आणि पुस्तक?"

"वाचायला अजून वेळ झाला नाही त्यांना."

मी तिथल्या तिथे कागद मागितला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात छोटा अर्ज. विषय : पुस्तक परत मिळणेबाबत. महोदय, माझे नाव ठरले आहे, आपली समिती वाचेपर्यंत थांबण्याची माझी इच्छा नाही. खिडकी तीनच्या बाईंनी तो दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. जरा जोरातच मारला असं मला वाटलं.

मग काय, आकाश कोसळलं. प्रकाशक म्हणाला, "साहेब, दुकानातल्या बाईचं वाक्य पुस्तकावर कोण वाचणार?" मी म्हटलं, "बटण तुटलेला माणूस वाचेल. तुमचं वरचं तुटलंय." त्यानंतर त्याचा फोन लागलेला नाही. प्राध्यापकांनी प्रस्तावना परत मागितली. ती मी पाकिटात घालून, वर "प्रस्तावना परत करण्याबाबत" असं लिहून त्यांच्या दारातून आत सरकवली. चेअरमननी सांगितलं की यानं इमारतीच्या प्रतिष्ठेला धक्का बसतो. मी विचारलं, गळक्या टाकीनं बसत नाही का?

आमच्या कचेरीचे फॉर्म छापणारा एक जुना छापखानेवाला होता. त्याच्याकडे गेलो. त्यानं नाव वाचलं, काही विचारलं नाही, आपल्या सदऱ्याच्या बाहीकडे बघितलं आणि म्हणाला, "छापतो." खोक्याच्या पुठ्ठ्यासारखं साधं तपकिरी मुखपृष्ठ. मधोमध नाव, खाली एक गोल आणि त्यात चार ठिपके. प्राध्यापकांची चतुश्छिद्रा शेवटी कामाला आली. आतल्या पानावर प्रकाशक म्हणून कुणाचा पत्ता घालायचा, असं त्यानं विचारलं. मी ताईच्या खोलीचा घातला.

पहिली प्रत घेऊन मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. ताईनं चष्मा लावला. वाचलं. त्या चार ठिपक्यांवरून अंगठा फिरवला.

"हं," ती म्हणाली. "चपला काढ आणि आत ये."

तिनं चहा केला. पुस्तक खोक्यांच्या उतरंडीवर ठेवलं, तोंड बाहेर करून. बराच वेळ ती तिकडे बघत होती. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलेल.

"पाटी झकास आहे," ती म्हणाली. "पण दुकान कुठंय आता?"

मी निवलेला चहा पिऊन घरी आलो.

छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत ग्रंथमंडळाच्या कचेरीत जमा करावी लागते. नियम आहे. मी नियम मोडणारा माणूस नाही, म्हणून सोमवारी प्रत घेऊन गेलो आणि खिडकी तीनमधून ती आत सरकवली. जरा ऐटीतच. बाईंनी मोठी वही उघडली. नोंद करताना मोठ्यानं वाचायची त्यांना सवय होती. त्या सरकारी आवाजात म्हणाल्या, "जुनं. बटण. आणलंय. का." आणि थांबल्या. हात स्वेटरवरच्या पिनेकडे गेला. मग त्यांनी मान खाली घातली आणि रकान्यात शेवटी प्रश्नचिन्ह काढलं. चांगलं ठसठशीत. मी पोच घेऊन बाहेर पडलो.

शनिवारी दुपारी मी ताईकडे बसलो होतो. दारावर थाप पडली. उघडलं तर खिडकी क्रमांक तीन! स्वेटरसकट. त्यांना खिडकीच्या बाहेर बघायची सवय नसल्यामुळे मला ओळखायला क्षण लागला.

"पुस्तकात हा पत्ता होता," त्या म्हणाल्या. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, त्या मागे ताईकडे बघत होत्या. पर्समधून त्यांनी कागदाची पुडी काढली, उघडली. आत करड्या रंगाचं अर्धं तुटकं बटण होतं.

"आणलंय," त्या म्हणाल्या. "आईनं विणलेला आहे हो. चार वर्षं शोधतेय, जुळतं कुठे मिळतच नाही. दुसरी बटणं लावा म्हणतात सगळे. पण ही तिनं निवडलेली."

ताईनं हात पुढे केला. बटण घेऊन ती खिडकीशी गेली, उजेडात धरलं, अंगठ्यानं कड चाचपली. पंच्याहत्तर वर्षांची बाई, पण तिची पाठ मला एकदम काउंटरमागच्यासारखी दिसली.

"खिडकीकडून तिसरी रांग," ती मान वर न करता म्हणाली. "खालून दुसरं खोकं. दोरी सोड."

मी तिकडे गेलो. वर्षभराची गाठ, सुटता सुटेना. शेवटी दातांनी सोडवली, डॉक्टरांनी केलेलं दाढेचं काम पणाला लावून. आणि खोकं हलवताना त्याच्या बाजूला माझं एक जुनं लेबल चिकटलेलं दिसलं. पिवळं पडलेलं, पण अक्षर सुवाच्य. मी वाकून बघायला लागलो.

"वाचत काय बसलायस?" ताई ओरडली. "तोंडावरचं बटण बघ नुसतं."

मग तिनं मी बसलो होतो ते स्टूल पुढे ओढलं, पदरानं पुसलं आणि त्या बाईंपुढे ठेवलं.

"बसा हो," ती म्हणाली. "दुकान उघडंच आहे."